कामाच्या वाटेवर दम मोजताय? या चुका टाळा

सकाळी सातच्या शिफ्टला छत्रपती संभाजीनगरच्या नगर नाक्यावरून सायकलने वाळूज एमआयडीसीकडे निघालं की डोक्यात एक चाळा सुरू होतो: पुढे जो सायकलवाला दिसतोय त्याला गाठायचं. गाठला तर दिवस चांगला, नाही तर ‘आपला दम गेला’. मीही दोन वर्षं हेच केलं.

मागच्या उन्हाळ्यात गोलवाडीच्या पुलावर साठीच्या एका काकांनी मला मागे टाकलं. त्यांची काळी चोवीस इंची डंड्याची सायकल, कॅरेजला डबा. माझी गिअरवाली. चढ संपल्यावर काका थांबले आणि म्हणाले, “बाळा, मागचं चाक उचलून फिरव बरं.” फिरवलं, तर एका फेरीतच थांबलं. चाक आऊट झालेलं, ब्रेकचं रबर रिमला घासत होतं. आणि मी महिनाभर पायांना दोष देत होतो.

तेव्हा आधी सायकल तपासा. दोन्ही चाकं उचलून फिरवा. बराच वेळ मोकळी फिरली पाहिजेत. हवा आठवड्याला भरा, टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्याच्या आत राहून. (पंक्चरवाल्याचा अंगठा आणि तो आकडा यांचं फारसं जमत नाही.) सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. चेन करकरत असेल तर पुसून तेल द्या.

दुसरी चूक वाऱ्याची. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे वाळूजला जाताना तोंडावर आणि घरी येताना पाठीशी. तुम्ही ताशी २० ने जाताय आणि समोरून १० चा वारा आहे, तर अंगावर येते ३० ची हवा. तिचा अडथळा दीडपट नव्हे, सव्वादोन पट. संध्याकाळी मिळालेल्या वेगावर मिशीला ताव देणारे आमच्या शिफ्टला बरेच आहेत.

समोरचा कुठून निघालाय हेही आपल्याला माहीत नसतं. काकांना पुढे कधीतरी विचारलं, तर ते नाक्याजवळच्या छावणीतून येतात. मी मुकुंदवाडीतून, म्हणजे नाक्यावर येईतो माझे सात-आठ किलोमीटर झालेले. ई-सायकल असेल तर विषयच संपला. २५० वॉटच्या आणि ताशी २५ च्या आतली मोटर बिननोंदणीची चालते, आणि साधा माणूस तासभर शे-दीडशे वॉट काढतानाच घामाघूम होतो. कुणी तुमच्या मागे चिकटून आला असेल तर हवा तुम्ही फोडलीत, शेवटी पुढे गेला तो ताजा. याला उत्तर म्हणून ट्रकच्या मागे मात्र चिकटू नका.

ॲपवरची सरासरीही फसवी. क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलेला वेळ कुणाचं ॲप धरतं, कुणाचं वगळतं.

मोजायचंच असेल तर सिग्नल नसलेला एकच तुकडा धरा. माझा पुलाच्या उतारापासून छोट्या पंढरपूरच्या अलीकडपर्यंत आहे. निघायची वेळ तीच, सायकल तीच, आणि बोलता येईल इतकाच जोर. त्या तुकड्याला किती मिनिटं लागली, ते चार आठवड्यांचे आकडे वहीत लिहा. सकाळी उठण्याआधीची नाडीही शेजारी लिहा. मे महिन्याचा आकडा डिसेंबरशी लावू नका. चाळीस अंशांत अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्याच वेगाला नाडी जास्त पडते. रात्रपाळी करून आलेल्या दिवसाचा आकडा सरळ खोडा.