ड्रोन खरेदीची बातमी कशी वाचायची

साताऱ्यात माझ्याकडे एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीच्या तयारीला मुलं येतात. मी हवाई संरक्षण तोफखान्यातला निवृत्त सुभेदार. ड्रोनवर बोलायचं झालं की मुलं मथळेच म्हणून दाखवतात. त्यांना मी बातमी अशी वाचायला लावतो.

आधी ‘मंजुरी’ कोणती ते बघा. संरक्षण खरेदी परिषदेची असेल, तर फक्त गरज मान्य झालेली असते, करार पुढे. अमेरिकेच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनची गरज जून २०२३ मध्ये मान्य झाली, करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. सैन्याच्या हातात यायला त्यापुढे आणखी वर्षं.

मग विचारा, समोरून आलेला ड्रोन पाडायला किती खर्च येईल? इथे घाई करू नका. मे २०२५ मध्ये, ८ तारखेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं सरकारने सांगितलं. आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपणं हा त्यामागचा एक हेतू. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र उडवत बसलो तर साठा आपलाच संपतो. म्हणून त्या दिवसांत आमची जुनी एल-७० ही विमानविरोधी तोफ कामाला आली. ती साठच्या दशकातली, पण रडार आणि नेम साधायची यंत्रणा नवी. तिला मोडीत काढा म्हणणारे बरेच होते. मला ते कधीच पटलं नाही. जॅमर घेतल्याची बातमी असेल तर युक्रेन आठवा. तिथे दोन्ही बाजूंचे ड्रोन आता बारीक ऑप्टिकल फायबरची तार सोडत उडतात. रेडिओ संदेशच नाही, तर जॅमर अडवणार काय?

‘स्वदेशी’ शब्द दिसला की सुटे भाग कुठले ते शोधा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपण तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांवर नाही. २०२५ च्या सुरुवातीला लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार चिनी भागांमुळे रद्द झाले. सीमेवर हा प्रश्न जिवावरचा आहे.

पैशांचं थोडक्यात: २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण तरतुदीत भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी होते. नवी शस्त्रं त्यातूनच येतात, म्हणून एकूण आकड्यापेक्षा हा पाठ ठेवा.

एसएसबीत लेक्चरेटला, म्हणजे दिलेल्या विषयावरच्या छोट्या भाषणाला, तीन मिनिटं मिळतात. एकच खरेदी निवडा आणि गरज, करार, सुटे भाग, चालवणारी तुकडी या क्रमाने बोला.