घरकुलाचा अर्ज करताय? आधी जागेचा कागद काढा

सांगलीत घरकुलाचे अर्ज अडतात ते फॉर्ममुळे कमी, जागेमुळे जास्त. फॉर्म महा-ई-सेवा केंद्रात बसल्या बसल्या भरून होतो. प्लॉटचा गुंता सुटायला महिने जातात. आणि बहुतेक जण आधी फॉर्म भरतात.

हद्दीपासून सुरुवात करा. घरपट्टीच्या पावतीवर सांगली-मिरज-कुपवाड महापालिका असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेतली शहरी योजना, ग्रामपंचायत असेल तर ग्रामीण. हरिपूर, माधवनगर, बुधगावची माणसं रोज सांगलीत कामाला येतात आणि शहरी पोर्टलवरच अर्ज टाकून मोकळी होतात. मग तो अर्ज तिथंच पडून राहतो. त्यांनी ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत चौकशी करावी. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागाला १ लाख २० हजार मिळतात. शहरात स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख.

खरी डोकेदुखी गुंठेवारीची. शामरावनगरसारख्या भागात शेतजमिनीचे तुकडे पाडून एक-दोन गुंठ्यांनी विकलेले प्लॉट आहेत, आणि कित्येकांच्या पेटीत कागद म्हणून असते ती फक्त नोटरी केलेली लिखापढी. नोटरीनं मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत हवं, उताऱ्यावर नाव हवं आणि गुंठेवारी नियमित झाल्याचा दाखला हवा. तो नसेल तर बांधकाम परवाना अडतो, आणि परवाना अडला की अनुदानही अडलं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते. पण प्लॉट कृष्णेच्या निळ्या पूररेषेच्या (बांधकामाला मनाई असलेली पूरहद्द) आत असेल तर सगळंच अवघड. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारून भागत नाही. नगररचना विभागात जाऊन नकाशावर गट नंबर बघून घ्या, आणि तेही पुढचा कुठलाही खर्च करण्याआधी.

उतारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद. सामाईक असेल तर भावांचं लेखी संमतीपत्र. तोंडी ‘हो’ म्हणणारा भाऊ अनुदान मंजूर झालं की फिरतो, हे गल्लोगल्ली घडलंय.

यादीत नाव आलं म्हणून लगेच जुनं घर पाडू नका. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार, जागेवर येऊन काढलेल्या जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) फोटोंवर सुटतात, आणि पहिला फोटो काम सुरू होण्याआधीचा असतो. परवाना हातात नसताना घर पाडलं तर भाड्याच्या खोलीत पावसाळा काढावा लागतो.

पात्रतेत दोन गोष्टींवर माणसं फसतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे वडिलांचं पक्कं घर आहे म्हणून विवाहित मुलगा आपोआप बाद होत नाही. पण बायकोच्या नावावर जतला पक्कं घर असेल तर सांगलीतला अर्ज बाद. शहरी योजना २.० (आवास योजनेचा सध्याचा शहरी टप्पा) मध्ये स्वतःच्या जागेवर बांधण्याच्या अनुदानासाठी वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत लागतं, आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. फ्लॅट कर्जावर घेणाऱ्यांसाठी व्याज अनुदान वेगळं आहे: उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. ते एकरकमी नाही, पाच वार्षिक हप्त्यांत येतं, म्हणून बयाणा त्याच्या भरवशावर देऊ नका.

आधार, बँक पासबुक आणि उतारा यांवरचं नाव एकच असू द्या. आधार कुठल्या खात्याला सीड (जोडलेलं) आहे हेही बँकेत विचारा. पैसे त्या खात्यात जातात, आणि पुष्कळदा ते विसरलेलं जनधन खातं निघतं.

म्हाडाचं घर हवं असेल तर सांगली जिल्हा पुणे मंडळात येतो, जाहिरात तिथली बघा. उत्पन्नाची मर्यादा आवास योजनेसारखीच असेल असं धरून चालू नका, जाहिरातीत वाचा. बारकोड नसलेला जुना अधिवास दाखला चालत नाही. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका: म्हाडानं एजंट नेमलेले नाहीत आणि सोडत संगणकावर निघते. अनामत रक्कम पोर्टलवरूनच भरा. नंबर लागला नाही तर ती खात्यात परत येते.