एकच हार्प, तीन षड्ज: माउथ ऑर्गनवर ब्लूज कसा शिकावा

आपल्याकडे बहुतेक घरांत सापडणारा माउथ ऑर्गन भोकांच्या दोन ओळींचा आणि थरथरत्या आवाजाचा असतो. तो ट्रेमोलो. त्यात एकाच सुराला किंचित वेगळ्या लावलेल्या दोन-दोन रीड, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, असतात आणि त्यावर सूर नीट वाकवता, म्हणजे वाजता वाजता खाली उतरवता येत नाही. आणि सूर वाकल्याशिवाय ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत, होत नाही. म्हणून आधी दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे सूर असलेला माउथ ऑर्गन घ्या. वाजवणारे त्याला नुसतं हार्प म्हणतात. होनरचा मरीन बँड १८९६ पासून बाजारात आहे आणि ब्लूजच्या कितीतरी जुन्या ध्वनिमुद्रिका त्याच्यावरच वाजलेल्या आहेत. पहिला हार्प सी पट्टीचा, म्हणजे पांढरी एकचा घ्या.

आधी एक सूर स्वच्छ काढा

हार्प ओठांच्या आत बऱ्यापैकी खोल घ्या, नुसता टोकाशी धरू नका. भोक क्रमांक ४ (डावीकडून मोजा) मध्ये फुंका, मग त्याच भोकातून श्वास आत ओढा. शेजारचा सूर मिसळत असेल तर ओठ आवळण्याऐवजी हार्पची मागची बाजू थोडी वर उचला. श्वास पोटातून आणि सावकाश घ्या. २ नंबरच्या भोकातून आत ओढताना सूर घोगरा किंवा उतरलेला निघेल, तेव्हा हार्प खराब आहे असं समजू नका. जीभ मागे ओढली जाते म्हणून तसं होतं. ती खाली सैल सोडा आणि ओढ निम्मी करा.

पोझिशन म्हणजे मूर्च्छना

इंग्रजी पुस्तकांत पोझिशन या विषयावर मोठमोठे तक्ते असतात. ज्याने थोडंफार गाणं किंवा पेटी शिकली आहे त्याला ते एका वाक्यात कळेल: सूर तेच ठेवायचे आणि षड्ज हलवायचा. सी हार्पवर सी हाच सा धरला तर पहिली पोझिशन. त्याचा पंचम, म्हणजे जी, सा धरला तर दुसरी. मग उरलेले सूर खमाज थाटाचे होतात, कोमल निषाद आयता मिळतो. रिषभ, म्हणजे डी, सा धरला तर तिसरी, आणि तिथे काफी थाट उभा राहतो.

ब्लूजचं खरं घर दुसऱ्या पोझिशनमध्ये आहे, त्यामुळे शिकायला सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण इथे सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी हे सगळे महत्त्वाचे सूर श्वास आत ओढून निघतात, आणि खालच्या (१ ते ६) भोकांत वाकतात ते ओढलेलेच सूर. सी हार्पवर जीचा ब्लूज असा चढतो (आकडा भोकाचा; आत म्हणजे ओढून, बाहेर म्हणजे फुंकून):

सा – २ आत
कोमल ग – ३ आत, अर्धा स्वर वाकवून
म – ४ बाहेर
तीव्र म – ४ आत, वाकवून
प – ४ आत
कोमल नी – ५ आत
तार सा – ६ बाहेर

सूर वाकवणं

इथे महिना-दोन महिने गेले तरी हरकत नाही. ४ आत या सुरापासून सुरू करा. सूर ओढत असताना तोंडात ‘ई’चा आकार ठेवा आणि हळूहळू ‘ऊ’कडे न्या. जिभेचा मधला भाग मागे सरकत टाळूकडे उचलला जातो आणि सूर खाली घसरतो. श्वास आत घेत शीळ घालून तिचा सूर उतरवून पाहा, जीभ नेमकं काय करते ते समजेल. जोराने ओढून सूर वाकत नाही, उलट रीड लवकर उतरते.

४ जमला की १ आणि ६, मग २. सगळ्यात शेवटी ३, कारण त्याच्या पोटात तीन सूर आहेत: शुद्ध गंधारापासून कोमल ग, रे आणि कोमल रे. पेटी किंवा ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र) शेजारी ठेवून प्रत्येक थांबा वेगळा पक्का करा. ते पक्कं झाल्यावर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जागा शोधा. ब्लूज गाणारे तिथेच रेंगाळतात. मींड आणि श्रुती कानावरून गेलेल्या माणसाला ही जागा चटकन ओळखू येते.

बारा बार

चार मात्रांचा एक बार, असे बारा. आधार-स्वर याप्रमाणे बदलतो: चार बार सा, दोन म, दोन सा, मग एकेक बार प, म, सा, आणि पुन्हा सुरुवातीला नेणारा प. आधी फक्त हेच सूर धरा: २ आत, ४ बाहेर, ४ आत. चाल तिस्र अंगाची असते, प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवायचा. पायाने ठेका धरा. दोन बार वाजवून दोन बार गप्प राहा. गायक ओळ म्हणतो आणि हार्प उत्तर देतो, ही या संगीताची रीतच आहे.

गिटारवाल्यासोबत बसाल तेव्हा गाण्याच्या पट्टीचा मध्यम शोधा, तीच तुमच्या हार्पची पट्टी. गाणं ईमध्ये असेल तर ए हार्प, एमध्ये असेल तर डी. शिकागोचा हार्पवादक लिटल वॉल्टर याचं १९५२चं ‘ज्यूक’ असंच ए हार्पवर ईमध्ये वाजलेलं आहे. पहिली ओळ कानाने उतरवून काढा.

शैली

हार्पवादक सनी टेरीला ऐका: ध्वनिक्षेपक यंत्राचा आधार नाही, स्वरगुच्छांची (कॉर्डची) सलग लय आणि मध्येच तोंडाने दिलेली आरोळी. डीफोर्ड बेली या हार्पवादकाने तर हार्पवर आगगाडीचा आवाज उभा केला. ही लय साधायला १-२-३ ही भोकं एकत्र घेऊन दोनदा आत, दोनदा बाहेर असं धिमं सुरू करा आणि वेग वाढवत न्या.

शिकागोची शैली दुसरी. लिटल वॉल्टर मायक्रोफोन आणि हार्प दोन्ही ओंजळीत घट्ट बंद करून गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून वाजवायचा. त्या भरदार आवाजासाठी जिभेने डावीकडची भोकं झाकून उजव्या कोपऱ्यातून सूर काढायला शिका. मधे-मधे जीभ उचलली की मागून स्वरगुच्छ येतो.

तिसरी पोझिशन यानंतर घ्या. सा ४ आत, आणि ४-५-६ एकत्र ओढले की मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, कॉर्ड तयार. ४ पासून ८ पर्यंत काफीचं सप्तक न वाकवता मिळतं. फक्त ७व्या भोकापासून क्रम उलटतो, आत ओढलेला सूर फुंकलेल्यापेक्षा खाली असतो, तिथे सावकाश जा. गाण्याच्या पट्टीहून एक पूर्ण स्वर खालचा हार्प घ्या: डी मायनरला सी, ए मायनरला जी.

पहिल्या पोझिशनचा ब्लूज शेवटी. ब्लूज गायक जिमी रीड गळ्यात अडकवलेल्या स्टँडवर हार्प लावून, गिटार वाजवत, वरच्या भोकांत तो वाजवायचा. तिथे ८, ९ आणि १० हे फुंकलेले सूर वाकतात. सी हार्पवर ते फार ताठ लागतात, म्हणून यासाठी जी किंवा ए पट्टीचा हार्प घ्या आणि ८ पासून सुरुवात करा.