बटणस्टार्टवर शिकलेल्यांना जुनी बुलेट किकने सुरू करायला शिकवताना

जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाच्या) रॉयल एनफील्ड बुलेटपासून तरुण रायडर दुरावतात ते बहुधा पहिल्या किकलाच. ताकदीपेक्षा पिस्टन कुठे आहे, हे महत्त्वाचं. तेवढं शिकवलं तर बारीक अंगाची व्यक्तीही ही गाडी सहज सुरू करते.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. पेट्रोलचा कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक लावा, चावी चालू करा. आता किक हळूहळू दाबत जा. पाय अडला की पिस्टन कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधला वायू दाबण्याच्या टप्प्यावर आला. तिथे डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक अगदी किंचित पुढे सरकवा. अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आला की थांबा. डीकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि अ‍ॅक्सिलरेटर न पिळता तळापर्यंत एक सलग किक मारा.

पिस्टन वर पोहोचण्याआधी अर्धवट किक मारली तर ती उलटी बसते, म्हणजे किक पायावर झटक्याने परत येते, आणि घोटा दुखावतो. म्हणून बूट हवेतच, चप्पल नको. पद्धत बरोबर असूनही उलटी बसत असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासा. पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा. तो बदलला की टायमिंगही हलतं.

प्लग पेट्रोलने ओला झाला? चावी बंद, कॉक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकॉम्प्रेसर ओढून पाच-सहा किक मारा, मग पुन्हा पहिल्यापासून.

निघण्यापूर्वी आठवण द्या: गिअर उजव्या पायाला, पहिला वर, बाकीचे खाली, मागचा ब्रेक डाव्या पायाला.