फॉर्म्युल्यात मजकूर जोडताना तारीख आणि रक्कम नीट कशी दिसेल

आमच्या सोसायटीचा हिशोब दोन वर्षं माझ्याकडे आहे आणि दर तिमाहीला मेंटेनन्सचा मेसेज प्रत्येक फ्लॅटला वेगळा जातो, नाव, रक्कम, शेवटची तारीख सगळं एका वाक्यात. एकेक टाइप करायचं तर अख्खा रविवार जातो, म्हणून एक्सेलमध्ये & लावून सेल जोडले आणि पहिल्याच वेळी समोर आलं, "रु. १२५००० थकबाकी, शेवटची तारीख ४५७५७". शीटमध्ये तर तारीख व्यवस्थित १०-०४-२०२५ दिसत होती, स्वल्पविरामही होते, मग गेलं कुठे सगळं?

तर आधी हे समजून घ्या की फॉरमॅट हा सेलचा असतो, आतल्या आकड्याचा नाही. एक्सेल तारीख ठेवतं दिवस मोजून, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून एक्सेलच्या मोजणीने (ते १९०० ला लीप वर्ष धरतं, म्हणून एक दिवस जास्त) १० एप्रिल २०२५ ला ४५७५७ येतो. & फक्त आतला आकडा उचलतो. तसंच १२% व्याजाचा सेल जोडला की ०.१२ येतं, आणि भागाकार केलेली रक्कम असेल तर १४१६.६६६६६६६६६६६६७ अशी शेपटीसकट येते.

उपाय एकच, जोडायच्या आधी प्रत्येक आकडा टेक्स्ट फंक्शनमधून काढायचा. (फॉर्म्युले इथे देवनागरीत देतोय, सेलमध्ये फंक्शनची नावं, सेलचे पत्ते, डीडी-एमएमसारखी फॉरमॅटची अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाइप करा, अवतरणातला मराठी मजकूर मराठीतच. डी२ म्हणजे तारखेचा सेल, सी२ म्हणजे रकमेचा.)

="शेवटची तारीख "&टेक्स्ट(डी२,"डीडी-एमएम-वायवायवायवाय")

अवतरणात तारीख शब्दानंतर एक स्पेस सोडलीय ती विसरू नका, & स्वतःहून स्पेस देत नाही. एम दोनदा दिला तर ०४, चारदा दिला तर महिन्याचं पूर्ण इंग्रजी नाव. मराठी महिना हवा असेल तर मी चूज फंक्शन वापरतो, ते महिन्याच्या क्रमांकावरून यादीतलं नाव उचलतं, चूज(मंथ(डी२),"जानेवारी","फेब्रुवारी",...) असे बाराही महिने एकदाच लिहून ठेवायचे, लांबलचक होतं पण कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं. टक्क्यांना "०%", आणि पावती नंबर ००४७ असा चार आकडीच हवा असेल तर "००००".

आता रक्कम, इथे जरा थांबा कारण आपल्याकडे लाख-कोटी आहेत. "#,##०" दिलं तर विंडोजची सेटिंग भारताची नसेल तेव्हा १२५,००० येतं, आणि असा आकडा वाचताना आपले लोक अडखळतात, आमच्या इथल्या एका काकांनी तर फोन करून विचारलं की नक्की किती भरायचेत. सेटिंग काही का असेना, लाखाचा स्वल्पविराम हवा तर हे घ्या:

टेक्स्ट(सी२,"[>=१०००००००]##\,##\,##\,##०;[>=१०००००]##\,##\,##०;##,##०")

पहिला भाग कोटीसाठी, दुसरा लाखासाठी, तिसरा उरलेल्यांसाठी, आणि स्वल्पविरामाच्या आधीची उलटी तिरकी रेघ म्हणजे "हे चिन्ह जसंच्या तसं छाप". यातून १,२५,००० मिळतं. उणे रकमा मात्र तिसऱ्या भागात पडतात, म्हणजे ज्यांचे ॲडव्हान्स जमा आहेत त्यांचे आकडे एकदा डोळ्यांखालून घाला.

रिकाम्या सेलचं पण बघा. तारीख भरलेली नसेल तर एक्सेल तिथे चक्क ००-०१-१९०० छापतं आणि गुगल शीट्स ३०-१२-१८९९. म्हणून इफ(डी२="","",...) चं आवरण घालाच. उलटं, टेक्स्ट लावूनही तारीख तशीच राहिली, काही बदललंच नाही, तर ती तारीखच नाही, कुणीतरी १०.०४.२०२५ असं टिंब देऊन टाइप केलेला मजकूर आहे, सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसला की समजा.

आणखी एक, टेक्स्टमधून निघालेली रक्कम ही रक्कम राहत नाही, ती अक्षरं होतात, सम लावलात तर बेरजेत धरली जात नाही. मूळ कॉलमला हात लावू नका, मेसेजसाठी शेवटी वेगळा कॉलम करा.

ओळ तोडायला मध्ये &कॅर(१०)& टाका (सी-एच-ए-आर), आणि सेलला रॅप टेक्स्ट लावा, नाहीतर सगळं एकाच ओळीत दिसत राहतं.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते म्हणजे फक्त रक्कम ठळक कशी करायची. फॉर्म्युल्याच्या उत्तरातला अर्धा भाग बोल्ड होत नाही, पूर्ण सेल होतो किंवा काहीच नाही. छापील नोटीस असेल तर कॉपी करून पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज करा आणि मग तेवढाच भाग निवडून बोल्ड करा. व्हॉट्सॲपला पाठवायचं असेल तर मात्र सोपं आहे, रकमेच्या दोन्ही बाजूंना फॉर्म्युल्यातच चांदणी जोडा, "*रु. "&टेक्स्ट(...)&"*", तिकडे ती आपोआप ठळक दिसते. फक्त ओळी तोडलेला सेल एक्सेलमधून कॉपी केला की मेसेजच्या सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्हं चिकटून येतात, ती पुसल्याशिवाय सेंड दाबू नका.