सीएनजी आणि इलेक्ट्रिक ट्रकमध्ये माल किती भरायचा, वजनकाट्यावर जायच्या आधीचा हिशोब

"सीएनजी गाडीला दोन टन जास्त चालतात" हे मला गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी अगदी खात्रीने सांगितलंय, एकाने तुर्भ्याला, एकाने कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये आणि तिसरा तर माल भरून देणाऱ्या पार्टीचा सुपरवायझर होता. तिघंही चांगली माणसं पण तिघंही चुकीचे, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढतो, कारण दंड सांगणाऱ्याला बसत नाही, गाडीवाल्याला बसतो.

हे दोन टन येतात कुठून ते आधी बघा. अमेरिकेत हायवेवर भरलेल्या ट्रकची कमाल मर्यादा ८०,००० पाउंड आहे, तिथे नॅचरल गॅसच्या गाड्यांना २०१५ च्या कायद्याने सवलत मिळाली, २०१९ मध्ये बॅटरीच्या गाड्याही त्यात आल्या आणि आता अशी गाडी २,००० पाउंड जास्त म्हणजे ८२,००० पर्यंत जाऊ शकते. २,००० पाउंड म्हणजे ९०७ किलो, एक टनसुद्धा नाही! युरोपात गॅससारख्या पर्यायी इंधनाच्या ट्रकला जादा वजनासाठी एक टनापर्यंत आणि झिरो एमिशन ट्रकला दोन टनांपर्यंत सूट आहे. कारण सरळ आहे, टाकी किंवा बॅटरी जड असते, तेवढा माल कमी भरावा लागला तर गाडी घेणार कोण. पण हे सगळं तिकडचं.

आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये एक्सल लोडचा, म्हणजे चाकांच्या एका आसावर किती वजन चालेल त्याचा, नवा तक्ता आला तो चालतो. त्या तक्त्यात गाडी डिझेलची, गॅसची की बॅटरीची असा रकानाच नाही, तो बघतो फक्त एक्सल आणि टायर. सहा चाकी गाडीत पुढचा दोन टायरचा एक्सल ७ टन आणि मागचा चार टायरचा ११.५ टन. म्हणून ती १८.५ टन पासिंग, म्हणजे माल धरून तेवढंच वजन मंजूर. आणखी एक गोंधळ होतो तो परमिटचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीच्या आणि इथेनॉल-मिथेनॉलवरच्या ट्रान्सपोर्ट गाड्यांना परमिटमधून मोकळीक मिळाली आणि २०२५ मध्ये केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून इलेक्ट्रिक ट्रकला ९.६ लाखांपर्यंत अनुदान जाहीर झालं, तर लोक हे सगळं एकत्र करून वजनातही सूट आहे असं धरून चालतात. परमिट वेगळं, अनुदान वेगळं, वजन वेगळं.

आता हिशोब. आरसी हातात घ्या आणि दोन आकडे कागदावर लिहा, एक ग्रॉस वजन म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते आणि दुसरं अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. पहिल्यातून दुसरं आणि माणसांचं वजन वजा केलं की उरतो तेवढाच माल. जुन्या गाडीचा आकडा डोक्यात ठेवून भरायचं नाही, इथेच सगळे फसतात आणि आम्हीपण फसलो.

आमची सहा चाकी डिझेल गाडी रिकामी ६,६०० किलो होती, तिच्यात साखरेची ५० किलोची २३४ पोती म्हणजे ११,७०० किलो भरायचो, वर ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांचं सामान धरून १५० किलो, टोटल १८,४५०. बरोबर पासिंगच्या आत. मग तशीच सीएनजी गाडी घेतली आणि पहिल्याच ट्रिपला सवयीने तीच २३४ पोती भरली. काट्यावर पावती आली १८,९८०! आम्हाला वाटलं काटा खराब, दुसऱ्या काट्यावर नेली तिथेही तेच, आणि मग आरसी काढून बघितली तर रिकामी गाडीच ७,१३० किलो. ५३० किलो नुसत्या सिलिंडर, त्यांची फ्रेम आणि बॉडीत गेलेले. दहा पोती रस्त्याच्या कडेला उतरवली, ताडपत्री टाकून क्लीनरला त्यांच्यावर बसवला आणि दुसरा टेम्पो बोलावून पाठवली. त्या दिवशीचं भाडं तिथेच संपलं, पण निदान पुढे पकडलो गेलो नाही.

पकडलं तर काय होतं तेही सांगतो, मोटार वाहन कायदा कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, जादा माल उतरवायचा खर्च आपला आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर ४०,०००.

सीएनजी जड का ते समजलं की गाडी घेतानाच अंदाज येतो. गॅस २०० बारच्या प्रेशरला भरतात म्हणून सिलिंडर जाड पोलादाचा लागतो, ढोबळ मानाने एक किलो गॅसमागे पाच-सहा किलो लोखंड गाडीबरोबर फिरतं. डिझेलचं काय, ३०० लिटर म्हणजे साधारण २५० किलो आणि ते जळत जळत कमी होतं. बॅटरी तर चार्ज संपला तरी तेवढीच जड, २५० युनिटचा पॅक असेल तर दीड-दोन टन धरा, इंजिन आणि गिअरबॉक्स गेल्याने थोडं परत मिळतं पण सगळं नाही. म्हणून डीलर गाडी दाखवताना रेंज सांगेल, तुम्ही अनलेडन वजन विचारा आणि लेखी घ्या.

आरसीवरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. बॉडी नंतर बांधली असेल, मागे जास्तीचा सिलिंडर बसवला असेल, लोखंडी फाळके लावले असतील तर खरं वजन वेगळं निघतं. गाडी रिकामी करून, टाकी फुल करून, स्टेपनी, जॅक, साखळ्या, ताडपत्री सगळं ठेवून फक्त माणसं खाली उतरवून एकदा काटा करा. आरसीपेक्षा जास्त आलं तर आरटीओत जाऊन नोंद करून घ्या, कारण कलम ११३ मध्ये नुसतं भरलेलं वजन नाही तर रिकामं वजनसुद्धा आरसीपेक्षा जास्त असलं तर गुन्हा आहे, आणि तिथे ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीनेच झालं असं कोर्ट धरू शकतं. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्यांनी हे नक्की करा, आणि त्याचबरोबर सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट म्हणजे पाण्याच्या प्रेशरची तपासणी झालीय का तेही बघा.

आता एक्सल. सहा चाकीचं पासिंग १८.५ म्हणजेच ७ अधिक ११.५, मधे एक किलोचीही मोकळी जागा नाही, त्यामुळे पासिंगला टेकवून भरलं तर पुढचा किंवा मागचा एक्सल हमखास वर जातो. मी १८,२०० च्या पुढे जात नाही. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या मग पूर्ण गाडी, वजाबाकी केली की मागचं मिळतं, काट्याच्या अलीकडची जमीन सपाट असली तर हे बऱ्यापैकी बरोबर येतं. आमचं एकदा पुढे ६,५५० आणि मागे ११,६५० आलं, टोटल बरोबर पण मागे दीडशे किलो जास्त. १६ पोती दीड मीटर पुढे सरकवली, पाच मीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) त्याने साधारण २४० किलो पुढे गेले आणि ६,७९० - ११,४१० असं बसलं. हमालांना आधीच सांगितलं असतं तर तेही करावं लागलं नसतं. सिलिंडर केबिनच्या मागे असतील तर पुढचा एक्सल आधीच दबलेला असतो, बाजूला चेसिसवर असतील तर हिशोब वेगळा, म्हणून प्रत्येक गाडीचा आपला आकडा काढून केबिनमध्ये चिकटवून ठेवा, ड्रायव्हरभाऊंना पार्टीशी वाद घालताना तो कागद फार उपयोगी पडतो.

न्हावा शेवाहून कंटेनर उचलणाऱ्यांनी बॉक्सचं स्वतःचं वजन विसरू नका, वीस फुटी साधारण सव्वा दोन टन आणि चाळीस फुटी पावणेचार टनांच्या आसपास, नेमका आकडा दारावरच लिहिलेला असतो. आणि पावसाळ्यात भिवंडीहून किंवा एपीएमसीतून भिजलेला माल उचलताना बिल्टीवरचं, म्हणजे मालाच्या पावतीवरचं, वजन धरू नका, ओली पोती, ओली लाकडी पॅलेट आणि पाणी साठलेली ताडपत्री मिळून शंभर-दोनशे किलो सहज वाढवतात. जून ते सप्टेंबर मी वरच्या १८,२०० मधूनही आणखी दोनशे कमी धरतो. माल भरून गेटबाहेर पडलात की पहिल्याच काट्यावर वजन करा, पावतीचा फोटो लगेच पार्टीला पाठवा आणि जास्त आलं तर तिथूनच फोन करून गाडी परत आत घ्या, खोपोलीला घाटाखाली पोचल्यावर पोती उतरवायला ना माणूस मिळतो ना जागा.