जुनं केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बदलायचंय? आधी क्लार्कच्या शेजारी जाऊन बसा

सरकारी ऑफिसातलं पंचवीस-तीस वर्षं जुनं केस सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की पहिली चर्चा होते ती क्लाउड घ्यायचा की स्वतःचा सर्व्हर, पण माझं ऐकाल तर तो विषय महिनाभर बाजूला ठेवा आणि जे लोक रोज केसेस टाकतात त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. एका ठिकाणी आम्हाला शेऱ्याच्या रकान्यात शेकडो केसेसमध्ये नुसत्या दोन फुल्या दिसल्या, वाटलं कचरा आहे, साफ करून टाकू, तेवढ्यात तिथल्या जुन्या क्लार्क मॅडम म्हणाल्या, "अहो त्याला हात लावू नका, ते कोर्टाचे स्टे आहेत!" सॉफ्टवेअरमध्ये स्टेसाठी रकानाच नव्हता, म्हणून त्यांनी आपली सोय करून घेतली होती. त्या पुसल्या असत्या तर स्टे असलेल्या लोकांना आपोआप नोटिसा गेल्या असत्या.

सगळ्यात जास्त वेळ डेटा खातो, आणि प्लॅनमध्ये नेमका त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिलेला असतो. तारीख माहीत नसेल तिथे ०१/०१/१९०० टाकलेलं असतं, मग नवीन सिस्टिम ती केस शंभराहून जास्त वर्षं प्रलंबित दाखवते, आणि एकच माणूस स्पेलिंग बदलून तीनदा असतो. मेनफ्रेम, म्हणजे जुन्या पद्धतीचा मोठा मध्यवर्ती कॉम्प्युटर असेल तर अक्षरं बऱ्याचदा एबसीडिक (EBCDIC) या जुन्या कोडमध्ये साठवलेली असतात, ती आजच्या युनिकोडमध्ये आणताना नावं बिघडतात. मायग्रेशनची, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याची रंगीत तालीम किमान तीनदा करा, दरवेळी प्रलंबित किती, निकाली किती, रकमांची बेरीज किती हे दोन्हीकडून ताडून बघा आणि शिवाय पन्नासेक केसेस कुठल्याही उचलून कागदी फाईलशी लावून बघा.

एका रात्रीत सगळं बदलायच्या फंदात तर अजिबात पडू नका. अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय हिचं व्हर्च्युअल केस फाईल नावाचं नवं केस सॉफ्टवेअर २००५ मध्ये गुंडाळावं लागलं, सुमारे १७ कोटी डॉलर गेले, आणि त्यानंतरचं सेंटिनेल २०१२ मध्ये पूर्ण झालं तेही शेवटी छोट्या टीमनं थोडं थोडं करत नेलं तेव्हा. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरनं २००४ मध्ये या पद्धतीला स्ट्रँगलर फिगचं नाव दिलं, म्हणजे वड कसा दुसऱ्या झाडावर रुजतो आणि हळूहळू सगळं झाड व्यापतो, तसं. एकच केसचा प्रकार निवडा, साधासा, त्याच्या नव्या केसेस नव्या सिस्टिममध्ये घ्या, स्थिरावलं की पुढचा प्रकार. फक्त एक पाळाच, एक केस एकाच सिस्टिममध्ये एडिट व्हायला हवी, दोन्हीकडे एडिट चालू ठेवलंत तर खरी नोंद कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही.

टेंडरमध्ये डेटा खुल्या फॉरमॅटमध्ये परत मिळेल हे लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी नव्या व्हेंडरकडे अडकाल. आणि जुनी सिस्टिम लगेच बंद करू नका, फक्त वाचण्यापुरती ठेवा, निदान एक वार्षिक रिपोर्ट नव्या सिस्टिममधून बरोबर निघेपर्यंत तरी.